तीस दणके आणि एकटा कृमी

टक्!

एका चपट्या प्लास्टिकच्या बशीच्या कडेवर हलकीशी टिचकी बसते. बशीत अगारचा पातळ थर आहे. अगार म्हणजे तेच, जे आपल्याकडे किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं. त्या थरावर जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक जीव वळवळत पुढे निघालेला असतो. टिचकी बसताच तो थबकतो आणि सरळ मागे सरकायला लागतो. वळून नाही हं, तोंड तिकडेच ठेवून मागे! थोडं अंतर गेला की थांबतो, दिशा बदलतो आणि पुन्हा कामाला लागतो. काम एकच, खाणं.

हा आहे सी. एलेगन्स नावाचा सूत्रकृमी. पोटात होणाऱ्या जंतांचा लांबचा नातेवाईक, पण एकदम निरुपद्रवी. कुजलेली फळं, सडलेला पाचोळा अशा ठिकाणी राहतो आणि जिवाणू खातो. याला डोळे नाहीत, कान नाहीत. अंग इतकं पारदर्शक, की सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्याच्या पोटातली अंडीसुद्धा मोजता येतात. त्याला अगदी हळू स्पर्श करायचा असेल, तर शास्त्रज्ञ काय वापरतात माहितीये? भुवईचा केस! दात कोरायच्या काडीच्या टोकाला तो चिकटवायचा आणि कृमीच्या अंगावरून अलगद फिरवायचा. मी थट्टा करत नाहीये. महागडी यंत्रं असलेल्या प्रयोगशाळांमध्येही हे हत्यार असतं.

तर अशा या भुवईच्या केसाला घाबरणाऱ्या प्राण्याला बालपण असतं का? म्हणजे वाढीचे दिवस असतातच, ते सगळ्यांनाच असतात. पण लहानपणी जे घडलं त्याचा परिणाम मोठेपणी दिसतो का? तुमच्या बाबतीत हे कुणालाही पटेल. लहानपणी कुत्रा चावलेला माणूस पन्नाशीतही कुत्रा दिसला की रस्ता बदलतो. पण एवढ्याशा कृमीचं काय?

हा प्रश्न कृमीला विचारण्यात एक मोठी सोय आहे. दोन मुलांमध्ये फरक का पडला, हे शोधणं फार अवघड असतं. एक मुलगा बुजरा, दुसरा धीट. हे त्यांच्या जनुकांमुळे, घरामुळे की शाळेमुळे? कोण सांगणार! सी. एलेगन्समध्ये मात्र बहुतेक सगळे जीव एकाच वेळी नर आणि मादी असतात. जोडीदार लागतच नाही. एकटा कृमी आपली आपण सुमारे ३०० अंडी घालतो, आणि त्यातून निघणारी पिल्लं जवळपास एकमेकांच्या नकला असतात. जनुकं तीच, जागा तीच, खाणं तेच. मग अशा दोन भावंडांना तुम्ही वेगवेगळं वाढवलंत आणि ती मोठेपणी वेगळी वागली, तर दोष किंवा श्रेय फक्त त्या वाढवण्याला जातं.

दुसरी सोय म्हणजे त्याच्याकडे आहेच किती थोडं! मोठ्या कृमीच्या अंगात एकूण ३०२ चेतापेशी. तुमच्या मेंदूत त्या हजारो कोटी असतात. सिडनी ब्रेनर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये ठरवलं, की मज्जासंस्था समजून घ्यायची तर हाच प्राणी घ्यायचा. मग त्याच्या सहकाऱ्यांनी कृमीच्या शरीराचे अतिशय पातळ काप काढले, त्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून फोटो घेतले, आणि कोणती चेतापेशी कोणत्या चेतापेशीला जोडलेली आहे याचा आख्खा नकाशा हातानं माग काढत तयार केला. तो १९८६ मध्ये छापून आला, तेव्हा जवळजवळ ३४० पानं भरली होती. ब्रेनरला २००२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं, त्याच्यासोबत ज्या दोघांना मिळालं त्यांनीही याच कृमीवर काम केलं होतं. एका मिलिमीटरच्या प्राण्यासाठी हे काही कमी नाही.

आता गोष्टीकडे येऊ. कॅनडात व्हँकुव्हर शहरात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ आहे. तिथे कॅथरीन रँकिन या शास्त्रज्ञ बाई बरीच वर्षं या कृमींना टिचक्या मारत आल्या आहेत. म्हणजे खरंच मारत आल्या आहेत. टिचकी मारायची आणि कृमी किती मागे गेला ते मोजायचं, यावर त्यांनी कितीतरी शोध लावले. २००५ मध्ये त्यांच्या गटानं एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. साधा म्हणजे इतका साधा, की वाचल्यावर वाटावं, अरे, हे आपल्याला का नाही सुचलं?

काही बश्यांमध्ये तीस-चाळीस कृमी एकत्र वाढवले. काही बश्यांमध्ये एकच अंडं ठेवलं. त्यातून पिल्लू बाहेर आलं ते एकटं, वाढलं ते एकटं, आणि प्रौढ झालं तेही एकटंच. अंड्यातून बाहेर पडल्यापासून प्रौढ व्हायला या कृमीला फक्त तीन-एक दिवस लागतात, त्यामुळे शास्त्रज्ञांना फार वाट बघावी लागत नाही. चौथ्या दिवशी सगळ्यांची परीक्षा. टक्!

घोळक्यात वाढलेले कृमी ठसठशीत मागे सरकले. एकटे वाढलेले कृमी जरासेच सरकले. बरं, फरक एवढाच नव्हता. एकटे कृमी लांबीनं लहान राहिले होते आणि अंडी घालायलाही त्यांना उशीर लागला होता. सगळी वाढच मंदावली होती.

का बरं? इथे जरा थांबा आणि तुम्हीच तपास करा.

खायला कमी पडलं? छे! एकट्याला तर आख्खी बशी. वाटेकरी कुणीच नाही. मग भावंडांचा वास? हे कृमी अंगातून रसायनं सोडतात आणि त्यावरून आसपास किती गर्दी आहे हे एकमेकांना कळतं. ती रसायनं एकट्याला मिळाली नाहीत, हा संशय अगदी रास्त आहे. तिसरी शक्यता म्हणजे धक्काबुक्की. चाळीस जण एका बशीत असले की सतत कुणाच्या तरी अंगाला अंग घासतं, शेपटी लागते, डोकं आपटतं. एकट्याला यातलं काहीच नाही. त्याच्या बालपणात त्याला कुणी शिवलेलंच नाही.

ही तिसरी शक्यता तपासायची कशी? भावंडं बशीत सोडली तर स्पर्शाबरोबर वासही येणार, मग काहीच ठरणार नाही. शास्त्रज्ञांनी काय केलं, तर एकट्या पिल्लांच्या बश्या एका डब्यात ठेवल्या आणि तो डबा थोड्याशा उंचीवरून टेबलावर आपटला. धाड्! पुन्हा उचलला, पुन्हा धाड्! असे तीस दणके. बस, एवढंच. त्यानंतर ती पिल्लं पुन्हा आपापली एकटी.

आणि ही पिल्लं मोठी झाल्यावर टिचकी मारली, तर ती चांगली मागे सरकली! भावंडं नव्हती, भावंडांचा वास नव्हता. मिळाले होते ते फक्त दणके, तेही मोजून तीस. मला या प्रयोगातली ही गोष्ट सगळ्यात आवडते, की उत्तर शोधायला कोणतंही भारी यंत्र लागलं नाही, टेबल आणि डबा पुरला. (हे वाचून धाकट्या भावाचा पाळणा आपटायला जाऊ नका. तो कृमी नाही, आणि घरातली मोठी माणसं ऐकूनही घेणार नाहीत.)

पण मग त्या दणक्यांनी कृमीच्या आत नेमकं काय बदललं? त्यासाठी आधी एका जेलीफिशचे आभार मानायला हवेत. समुद्रात एक जेलीफिश असते, तिच्यात एक प्रथिन असतं, ज्यावर निळा प्रकाश पडला की ते हिरवं चमकतं. मार्टिन चाल्फी या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९४ मध्ये त्या प्रथिनाचं जनुक आपल्या या सूत्रकृमीत घालून दाखवलं. आणि त्यानं चमकवल्या त्या पेशी कोणत्या होत्या सांगा पाहू? स्पर्श ओळखणाऱ्या चेतापेशी! भुवईच्या केसाचा हळू स्पर्श ओळखणाऱ्या अशा पेशी मोठ्या कृमीत फक्त सहा असतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात तर चारच, उरलेल्या दोन नंतर तयार होतात. पारदर्शक कृमी आणि त्याच्या अंगात हिरव्या चमकणाऱ्या रेघा. चाल्फीला यासाठी २००८ मध्ये नोबेल मिळालं, आणखी दोघांच्या जोडीनं.

ही युक्ती हातात आल्यावर चेतापेशीच्या कोणत्या भागात काय आहे, हे जिवंत कृमीत बघता येऊ लागलं. तुम्हाला माहीत असेल, एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो रसायनातून. पहिलीच्या टोकाशी त्या रसायनानं भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. दुसरीच्या अंगावर ते रसायन पकडणारी प्रथिनं असतात. व्हँकुव्हरच्या गटानं यातल्या दोन्ही टोकांना चमक लावून पाहिली. एकट्या वाढलेल्या कृमींमध्ये दोन्हीकडे खोट निघाली. स्पर्श ओळखणाऱ्या पेशींत पिशव्यांचं प्रमाण कमी, आणि पुढच्या पेशींवर निरोप पकडणारी प्रथिनंही कमी. म्हणजे एकटा कृमी आळशी नव्हता की भित्रा नव्हता. टिचकीचा निरोप त्याच्या अंगात पुढे पोहोचतानाच अशक्त होत होता.

इथेच ही गोष्ट संपली असती तरी मला चाललं असतं. पण याच गटानं दोन वर्षांनी विचारलं: दणके कधी द्यायचे?

कृमीच्या बालपणाचे चार टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी तो कात टाकतो. मग काहींना पहिल्याच टप्प्यात दणके दिले, काहींना नंतरच्या टप्प्यांत. निकाल मजेदार होता, कारण तो एकच एक नव्हता. टिचकीला दचकून मागे सरकणं बालपणाच्या कोणत्याही टप्प्यातल्या दणक्यांनी सुधारलं. निरोप पकडणारी प्रथिनंही तशीच, उशिरा दणके दिले तरी वाढली. पण अंगाची लांबी? आणि निरोप पाठवणाऱ्या पिशव्या? त्या फक्त सुरुवातीच्या काळात दणके मिळाले तरच भरून निघाल्या. उशिरा दिलेल्या दणक्यांचा त्यांना काहीच उपयोग झाला नाही. एकाच कृमीच्या एकाच शरीरात काही गोष्टींची मुदत लवकर संपते आणि काहींची नाही.

आता कुणी म्हणेल, मग द्या की भरपूर दणके, कृमी आणखी चपळ होईल! नाही होत. मोठ्या कृमीला एकामागून एक टिचक्या मारत राहिलं, तर तो दर वेळी कमी कमी मागे सरकतो आणि शेवटी जवळजवळ लक्षच देत नाही. हे रँकिन बाईंनीच १९९० मध्ये दाखवलं होतं. घड्याळाची टिकटिक आपल्याला थोड्या वेळानं ऐकू येईनाशी होते, तसंच ते.

स्पर्शाचं झालं, आता वासाचं बघू. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कोरी बार्गमन यांच्या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये एक काम प्रसिद्ध केलं. कृमी जिवाणू खातो हे मी आधीच सांगितलं. पण सगळे जिवाणू पचतात असं नाही. स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूची एक जात खाल्ली तर कृमी आजारी पडतो. मोठ्या कृमीनं ती खाल्ली की तो शहाणा होतो आणि तो वास टाळायला लागतो. पण त्याचं हे शहाणपण एखादा दिवसच टिकतं. पुढे पुन्हा विसर.

नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला मात्र पहिल्या १२ तासांत हाच वाईट अनुभव आला, तर ते विसरत नाही. १२ तासांनी त्याला चांगल्या जिवाणूंवर ठेवा, वाढू द्या, मोठं होऊ द्या. तीन दिवसांनी, म्हणजे कृमीच्या हिशेबानं तरुणपणी, त्याच्यासमोर दोन्ही जिवाणू ठेवा. तो त्या वाईट जिवाणूपासून दूर जातो. या तीन दिवसांत त्याच्या अंगात कितीतरी पेशी नव्यानं तयार झालेल्या असतात. जन्माच्या वेळी त्याच्याकडे २२२ चेतापेशी होत्या, आता ३०२ आहेत. तरी ती पहिली आठवण शाबूत!

या गटानं आणखी एक भारी गोष्ट केली. त्यांनी ठरावीक चेतापेशी थोड्या वेळापुरत्या गप्प केल्या. काही पेशी पिल्लू शिकत असताना गप्प केल्या, तर आठवण तयारच झाली नाही. पण त्याच पेशी मोठेपणी परीक्षेच्या वेळी गप्प केल्या, तर काही बिघडलं नाही, कृमीला सगळं आठवलं. दुसऱ्या काही पेशींचं बरोबर याच्या उलट. त्या शिकताना नसल्या तरी चालतं, पण आठवायच्या वेळी हव्याच. शिकायची पेशी वेगळी, आठवायची वेगळी! ३०२ पेशींच्या संसारातसुद्धा कामाची अशी वाटणी.

बालपणीच्या वासाची आठवण नेहमी वाईटच असते असं नाही. न्यूयॉर्कमध्येच कोलंबिया विद्यापीठात २००५ मध्ये पिल्लांना भरपूर खाणं आणि सोबत कडू बदामासारखा एक वास दिला गेला. ती मोठी झाल्यावर तो वास आला, की जास्त अंडी घालू लागली. पोटभर जेवलेल्या जागेचा वास, आणि पिल्लांना जन्म द्यायला तीच जागा बरी!

एवढं ऐकून तुम्ही नियम करून टाकाल, की जेवढं लवकर तेवढं पक्कं. मीही हाच नियम लिहिणार होतो, पण एक सुरवंट आडवा आला.

अमेरिकेत तंबाखूच्या आणि टोमॅटोच्या पानांवर एक जाडजूड हिरवा सुरवंट राहतो. त्याचा पुढे मोठा पतंग होतो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्याला एक वास दिला आणि लगेच विजेचा हलका झटका. वास होता नेलपॉलिश पुसायच्या द्रावाला येतो तसला. काही वेळा असं झाल्यावर सुरवंट त्या वासापासून पळू लागला. मग तो कोषात गेला. आणि कोषात काय होतं, तुम्हाला माहीतच आहे. पाय, तोंड, पोट, स्नायू, बहुतेक सगळं मोडून नवं तयार होतं. मेंदूचीसुद्धा मोठी फेररचना होते. अशा मोडतोडीत झटक्याची आठवण कसली उरणार?

उरली! बाहेर आलेले बरेच पतंग तो वास आला की दुसरी वाट धरत होते. कोषावर वासाचे कण चिकटून राहिले असतील आणि म्हणून असं झालं असेल, ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. म्हणून त्यांनी कोष धुऊन घेतले. तरी निकाल तोच. २००८ मध्ये हे छापून आलं.

आता गंमत बघा. सुरवंटाच्या वाढीचे पाच टप्पे असतात. तिसऱ्या टप्प्यात शिकवलेल्या सुरवंटांना पतंग झाल्यावर काहीच आठवलं नाही. आठवलं ते पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात शिकवलेल्यांना. कृमीच्या अगदी उलट! शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की सुरवंटाच्या मेंदूतल्या लवकर तयार झालेल्या जोडण्या कोषात छाटल्या जातात, उशिरा तयार झालेल्या काही तशाच पुढे जातात. म्हणजे आठवण टिकणार की नाही, हे ती कोणत्या पेशींत आहे आणि त्या पेशींचं पुढे काय होणार आहे यावर अवलंबून.

मधमाश्यांचं तर याहून निराळं. त्यांच्या पिल्लांच्या खोल्या मेणानं बंद असतात आणि कामकरी माश्या तिथली ऊब सांभाळतात. जर्मनीत कोष अवस्थेतल्या माश्या ३२ अंश आणि ३६ अंश सेल्सियसला वाढवून पाहिल्या. ३६ अंशांवर वाढलेल्या माश्यांची आठवण चांगली होती आणि फुलांचा पत्ता सांगणारा नाचही त्या जास्त चांगला करत. ३२ अंशांवर वाढलेल्या माश्या बघायला धडधाकटच होत्या हं.

शेवटी घरच्या माहितीचा एक प्राणी घेऊ, म्हणजे आपल्याकडे नको तेव्हा आलेला पाहुणा. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूर या भागांत टोळधाड आली होती. तुमच्यापैकी विदर्भातल्या कुणाच्या घरी थाळ्या वाजवून, धूर करून ती हाकलल्याच्या गोष्टी अजून निघत असतील. हा वाळवंटी टोळ. हाच टोळ एकटा वाढला तर लाजाळू असतो, इतर टोळांपासून लांब राहतो. पिल्लू एकटं असेल तर हिरवट, पानांत लपून जाणारं. गर्दीत वाढलं तर पिवळं-काळं, धीट, आणि घोळक्यानं चालणारं. पूर्वी लोकांना वाटायचं, हे दोन वेगळेच कीटक आहेत.

गर्दीतलं नेमकं काय त्याला बदलतं? ऑक्सफर्डमधल्या शास्त्रज्ञांनी रंगकामाचा बारीक ब्रश घेतला आणि एकट्या टोळाच्या पिल्लांना अंगावर वेगवेगळ्या जागी गुदगुल्या केल्या. डोक्यावर केल्या, पाठीवर केल्या, विशेष काही नाही. मागच्या पायाच्या मांडीवर केल्या, दर मिनिटाला पाच सेकंद असं काही तास, आणि लाजाळू टोळ गर्दीकडे ओढला जाऊ लागला! गर्दीत याच जागी इतर टोळ सतत घासतात. हे २००१ चं. पुढे २००९ मध्ये कळलं, की अशा वेळी टोळाच्या मज्जासंस्थेत सेरोटोनिन नावाचं रसायन वाढतं. ते तुमच्या मेंदूतही असतं.

आणि आता तुम्ही म्हणाल, सापडलं उत्तर, सगळी करामत मांडीच्या स्पर्शाची. तर मग याचं काय करायचं ते सांगा. गर्दीत वाढलेल्या मादीच्या अंड्यांतून जी पिल्लं बाहेर येतात, ती पहिल्या दिवसापासूनच काळपट असतात आणि घोळक्याकडे धावतात. एकट्या वाढलेल्या मादीची पिल्लं हिरवी. या दोन्ही पिल्लांना अजून कुणाचा पायसुद्धा लागलेला नसतो.